पद्मिनीचं इंजिन घरी उघडताना

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी म्हणून धावत नाही. शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती, आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. खासगी गाड्यांचं गणित मात्र वेगळं आहे. पंधरा वर्षांनंतर फिटनेस तपासून नोंदणीचं नूतनीकरण करता येतं, आणि ते पुढे पाच-पाच वर्षांसाठी मिळत राहतं. त्यामुळे वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली पद्मिनी आजही अनेक घरांच्या आवारात उभी आहे. तिच्या मालकापुढे प्रश्न असतो तो इंजिनाचा. जुने मिस्त्री एकेक करून काम थांबवत आहेत आणि नव्या गॅरेजमधल्या मुलांनी कार्बोरेटर हातात घेतलेला नसतो. अशा वेळी मालकाने स्वतः बाह्या सरसावणं हा हौसेपेक्षा गरजेचा भाग ठरतो.

आणि हे इंजिन त्यासाठी फार चांगलं आहे. १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक. ही मापं थेट १९३७ च्या फियाट ५०८ सी या गाडीपर्यंत मागे जातात. इटलीत साठच्या दशकात फियाटने ११०० डी गाडीला मोठं, १२२१ सीसीचं इंजिन दिलं. कुर्ल्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेल्या ‘११०० डिलाइट’मध्ये आणि पुढे तिचीच झालेल्या पद्मिनीमध्ये १०८९ सीसीचंच इंजिन कायम राहिलं. बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनिअमचं हेड, बाजूला कॅमशाफ्ट, त्यावरून पुशरॉड आणि वर रॉकर. इंधनासाठी एक कार्बोरेटर आणि ठिणगीसाठी एक डिस्ट्रीब्यूटर, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री ‘डेल्को’ म्हणतात. सेन्सर नाही, संगणक नाही. प्रत्येक भागाचं काम डोळ्यांना दिसतं आणि बहुतेक भागांचं माप हाताने घेता येतं.

नेमकी इथेच एक चूक सर्रास होते. गाडीचा पिकअप गेला, ती घाट चढेना, सकाळी सुरू होईना, की कुणीतरी सांगतं, ‘इंजिन बसलं, खोलावं लागेल.’ आणि इंजिन खोललं जातं. पॉइंटची फट बंद झालेली असते किंवा एक्झॉस्टचे टॅपेट घट्ट झालेले असतात. पण तोवर हेड उतरलेलं असतं, रिंगा बदललेल्या असतात आणि मूळ दोष जसाच्या तसा असतो. जुन्या इंजिनाच्या दुरुस्तीत सर्वांत महत्त्वाचं काम हेड उतरवण्याआधी करायचं असतं. करंट, पेट्रोल, कॉम्प्रेशन आणि तापमान या चार गोष्टी आधी तपासायच्या, आकडे वहीत लिहायचे आणि मगच पाना उचलायचा.

सामान थोडकंच लागतं, पण योग्य लागतं. फियाटच्या वंशातली गाडी असल्यामुळे तिचे नट-बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे आहेत. अँबॅसडरसाठी घेतलेले इंचाचे पाने इथे वापरू नयेत; ते बसल्यासारखे वाटतात आणि जोर दिला की नटाचे कोपरे गोल करतात. रिंग पान्यांचा आणि सॉकेटचा एक संच, फीलर गेज, साधा मल्टिमीटर, बारा व्होल्टच्या बल्बचा टेस्ट लॅम्प, कॉम्प्रेशन गेज आणि टॉर्क पाना एवढं हवंच. टॉर्क पाना महाग वाटतो म्हणून बरेच जण तो टाळतात. अ‍ॅल्युमिनिअमचं हेड अंदाजाने आवळणं त्याहून कितीतरी महाग पडतं. याखेरीज आपल्या गाडीच्या वर्षाचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवावं. छापील नाही मिळालं तर झेरॉक्स चालेल. टॅपेटची फट, टायमिंगचे अंश, हेडचा टॉर्क हे आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात. ते कुणाच्या आठवणीवर सोडू नयेत.

जागेचाही विचार करावा. बंद गॅरेजमध्ये किंवा सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो आणि तो जीव घेतो. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, अग्निशामक नळकांडं हाताशी ठेवावं, आणि गाडीखाली शिरायचं असेल तर ती केवळ जॅकवर उभी असता कामा नये. पक्के स्टँड लावावेत. चालू इंजिनावर वाकताना सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी पंख्याजवळ जाऊ देऊ नये. पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर फिरतो. इंजिन फिरतंय तोवर तो थांबत नाही.

दोन-चार वर्षं झाकून ठेवलेली गाडी असेल, तर पहिल्याच दिवशी सेल्फ मारण्याचा मोह आवरावा. उभ्या गाडीच्या सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल कधीच ओघळून गेलेलं असतं, रिंगांखाली बारीक गंज धरलेला असतो आणि एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असतो. अशा वेळी चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचा-दोन चमचे इंजिन ऑइल सोडावं आणि गाडी रात्रभर तशीच ठेवावी. दुसऱ्या दिवशी ती चौथ्या गिअरमध्ये टाकून हाताने हळूच पुढे ढकलावी. इंजिन सुटं फिरलं तर उत्तम. अडलं तर जोर न लावता आणखी तेल सोडून थांबावं. रॉकरचं झाकण काढून इंजिन फिरताना आठही व्हॉल्व्ह खाली-वर होतात का, हे डोळ्यांनी पाहावं. अडकलेल्या व्हॉल्व्हवर सेल्फ मारला तर पुशरॉड वाकतो. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाकावं आणि ऑइल बदलावं. एवढं झाल्यावरच बॅटरी जोडावी.

आता करंट. पॉइंटवाल्या इंजिनात निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ इथे असतं, म्हणून इथे वेळ द्यावा.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी रात्रभर उभी असताना टर्मिनलवर साधारण १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत, आणि सेल्फ मारताना आकडा दहाच्या फार खाली जाता कामा नये. तो आठवर येत असेल तर कॉइलला पुरेसा दाब मिळत नाही, आणि दोष प्लगचा नसून बॅटरीचा, टर्मिनलचा किंवा इंजिनाच्या अर्थिंगच्या पट्टीचा असतो. ही पट्टी इंजिन आणि बॉडी यांना जोडते. तिची टोकं गंजली की सेल्फही सुस्त होतो आणि ठिणगीही पडते ती पिवळसर, अशक्त. टोकं काढून, घासून परत लावण्याचं काम अर्ध्या तासाचं आहे आणि त्याने बरी झालेली ‘बसलेली’ इंजिनं पुष्कळ आहेत.

त्यानंतर डेल्कोचं झाकण काढावं. आतल्या बाजूला बारीक काळी, केसासारखी रेघ दिसली तर ती कार्बनची वाट असते. करंट प्लगपर्यंत न जाता त्या वाटेने पळतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हा त्रास हमखास होतो, कारण दमट हवेने त्या रेघेला आणखी बळ मिळतं. ओळखण्याची सोपी युक्ती अशी, की रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करावं आणि हात न लावता नुसतं पाहावं. चिरलेलं झाकण आणि फुटलेल्या प्लग-तारा अंधारात निळ्या ठिणग्यांनी स्वतःच दिसतात. असं झाकण पुसून दोन दिवस चालतं, पण ते बदलावंच लागतं.

झाकणाखाली पॉइंट असतात. चार सिलिंडरच्या अशा इंजिनात त्यांची पूर्ण उघडलेली फट ०.४ ते ०.५ मिमीच्या दरम्यान असते; नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. पॉइंटची जी टाच कॅमवर घासते ती हळूहळू झिजते. टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे सरकतं. गाडी एका दिवसात बिघडत नाही. महिन्या-दोन महिन्यांत पिकअप कमी होत जातो, इंजिन थोडं जास्त तापतं, पेट्रोल जास्त पितं. मालकाला वाटतं वय झालं. खरं तर फीलर गेजचं एक पातं आणि एक स्क्रू एवढंच लागत होतं. फट बसवल्यावर कॅमवर डेल्कोच्या ग्रीसचा किंचित थेंब लावावा, म्हणजे टाच पुढे टिकते. तो जास्त झाला तर उडून पॉइंटवर बसेल. पॉइंटचे तोंड निळे-काळे जळलेले, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला डोंगर असेल, तर बदललेल्या पॉइंटबरोबर कंडेन्सरही बदलावा. तो खराब होत आला की गाडी थंड असताना चांगली चालते आणि तापली की सिग्नलला बंद पडते. म्हणून त्याचा दोष वर्षानुवर्षं पेट्रोल पंपावर ढकलला जातो.

फट बदलली की टायमिंग बदलतं, त्यामुळे हा क्रम उलटा करू नये. आधी पॉइंट, मग टायमिंग. टेस्ट लॅम्पची एक तार कॉइलच्या डेल्कोकडे जाणाऱ्या टर्मिनलला आणि दुसरी बॉडीला लावावी, चावी ऑन करावी आणि पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशावर आणावी. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझलेला असतो आणि ते उघडतात त्या क्षणी तो लागतो. डेल्को सैल करून तो हळू फिरवत, दिवा नेमका त्या खुणेवर लागेल असा ठेवून आवळावा. पहिला सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा आणि फायरिंगचा क्रम १-३-४-२. प्लगच्या तारा काढण्याआधी प्रत्येकीवर कागदी चिकटपट्टीने क्रमांक लिहिला तर पुढचा गोंधळ वाचतो.

काढलेले प्लग फेकून देऊ नयेत. ओळीने मांडून वाचावेत. टोकाला फिकट तपकिरी रंग असेल तर तो सिलिंडर निरोगी. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओलसर, चिकट काळं म्हणजे ऑइल वर येतंय. पांढुरकं, भाजलेलं टोक म्हणजे पेट्रोल कमी किंवा इंजिन जास्त तापतंय. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरचा. चारही सारखे काळे असतील तर कार्बोरेटरचा किंवा अर्धवट अडकलेल्या चोकचा. प्लगची फट अशा इग्निशनला साधारण ०.६ ते ०.७ मिमी ठेवतात.

पेट्रोलच्या बाजूला आता एक नवा मुद्दा आला आहे, आणि तो जुन्या गाडीच्या मालकाने मनापासून समजून घेतला पाहिजे. २०२५ पर्यंत देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्रास मिळू लागलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नव्या गाडीतला संगणक सेन्सरवरून हे ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरच्या जेटचं भोक मात्र तेवढंच राहतं, म्हणून मिश्रण पातळ होतं. लक्षणं ओळखीची आहेत: थंड इंजिन चोक काढला की अडखळतं, चढावर मधेच खोकतं, प्लग पांढुरके होतात. अशा वेळी किंचित मोठा मेन जेट बसवणं हा रास्त उपाय आहे. पण तो करंट आणि टायमिंग पक्कं केल्यानंतर, आणि प्लगचा रंग पाहत पाहत करावा.

इथेनॉलचा दुसरा परिणाम रबरावर होतो. जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधली पॅकिंग्ज फुगतात, मऊ पडतात, नंतर चिरतात. पद्मिनीचा पंप यांत्रिक असतो. त्याचा पडदा आतून फाटला तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकवरच्या ऑइलची पातळी आपोआप वाढली आणि वास पेट्रोलचा आला, तर इंजिन चालवू नये. पंप बदलून, ऑइल बदलून मगच सुरू करावं. नळ्या घेताना इथेनॉलला टिकणाऱ्या मागून घ्याव्यात. शिवाय इथेनॉल हवेतली वाफ ओढतं, म्हणून किनारपट्टीवर महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पाणी खाली साचतं. ज्या गाडीला आठवड्यातून एकदाच फिरवायचं आहे तिच्या टाकीत थोडं आणि ताजं पेट्रोल ठेवणं बरं.

कार्बोरेटर साफ करताना जेटमध्ये तार घालू नये. भोक एका ओरखड्यानेही मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा झोत पुरेसा असतो. फ्लोट कानाशी हलवून पाहावा; आत पेट्रोल खळखळलं तर त्याला भोक पडलं आहे. सूई आणि तिची बैठक झिजली असेल तर दोन्ही एकत्र बदलावीत. सगळं बसवल्यावर इंजिन पूर्ण गरम करून स्लो आणि मिक्स्चरचे स्क्रू जुळवावेत आणि शेवटची खात्री पीयूसीच्या यंत्रावर करून घ्यावी. भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. आकडा या मर्यादेच्या कडेला असेल तर प्रमाणपत्र मिळालं तरी समाधान मानू नये.

एवढं करूनही ताकद येत नसेल, तर कॉम्प्रेशन. इंजिन गरम करावं, चारही प्लग काढावेत, कॉइलची तार सोडवावी, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवावा आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके होतील इतका सेल्फ मारावा. या जातीच्या निरोगी इंजिनात साधारण १२० ते १५० पीएसआय दिसतात, पण आकड्यांमधली तफावत त्याहून महत्त्वाची. समजा, १३०, १२८, ८०, १३२ असे आकडे आले. तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं. आकडा ११५ पर्यंत चढला तर रिंगा किंवा बोअर झिजले आहेत, कारण ऑइलने तात्पुरती फट भरली. तो ८५ वरच राहिला तर व्हॉल्व्ह गळतोय, आणि बहुतेक वेळा तो एक्झॉस्टचा असतो. मधले दोन, म्हणजे दुसरा आणि तिसरा, दोघंही ७० वर असतील आणि कडेचे दोन चांगले, तर त्या दोघांच्या मधली हेड गॅस्केटची पट्टी उडालेली असते. चारही आकडे सारखेच पण कमी, १००-१०५, आले तर इंजिन वयानुसार झिजलं आहे. ते आरामात आणखी काही वर्षं चालू शकतं आणि त्याला उघडण्याची घाई नाही.

धूरही हेच सांगतो. खंडाळ्याचा घाट इंजिन ब्रेकवर उतरून आल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच निळ्या धुराचा भपका आला, तर ऑइल व्हॉल्व्हच्या गाइडमधून येतंय. घाट चढताना सलग निळा धूर असेल तर रिंगा. पांढरी वाफ थांबतच नाही आणि रेडिएटरचं पाणी कमी होतं, तर गॅस्केट. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधासारखी पांढरी साय दिसली की लोक घाबरतात. पण जुलै-ऑगस्टमध्ये फक्त बाजारापर्यंत जाणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमट हवेनेही जमते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि पाणी कमी होत नसेल, तर गाडी तासभर महामार्गावर न्यावी. साय निघून गेली तर गॅस्केट शाबूत आहे.

हेड उतरवण्याआधीचं शेवटचं काम टॅपेटचं. इंजिन पूर्ण थंड असावं. सोपी पद्धत अशी: चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील, म्हणजे एक बंद होतोय आणि दुसरा उघडतोय, त्या क्षणी पहिल्या सिलिंडरचे दोन्ही टॅपेट मोकळे असतात, ते सेट करावेत. पहिल्याचे हलत असताना चौथ्याचे, तिसऱ्याचे हलत असताना दुसऱ्याचे, दुसऱ्याचे हलत असताना तिसऱ्याचे. फीलर गेजचं पातं किंचित ओढ लागून सरकलं पाहिजे, आणि चेकनट आवळल्यावर पुन्हा मोजावं, कारण आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. टॅपेटच्या टिकटिकीने अनेकांना त्रास होतो आणि ते फट कमी करतात. यात धोका आहे. टिकटिकणारा टॅपेट इंजिनाला फारसं नुकसान करत नाही. गप्प झालेला एक्झॉस्ट टॅपेट व्हॉल्व्हला पूर्ण बसू देत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये जात नाही आणि त्याची कड जळते. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून पेट्रोलमधलं शिसं गेलं. शिसं जुन्या बैठकींवर संरक्षक थर धरत असे. ते नसताना मऊ बैठक झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप कमी होते. एखाद्या टॅपेटची फट दर दोन-तीन महिन्यांनी कमी सापडत असेल, तर हीच शक्यता धरावी.

राहिली चौथी गोष्ट, तापमान; म्हणून पाण्याबद्दल थोडक्यात. बिडाचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनिअमचं हेड एकाच पाण्यात असल्यामुळे नुसतं नळाचं किंवा बोअरचं पाणी घालू नये. क्षारांनी वाटा बुजतात आणि हेड आतून खाल्लं जातं. डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळून वापरावं. ‘आपल्याकडच्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला’ म्हणून तो काढून टाकण्याची पद्धत चुकीची आहे: इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोचतं, चोक जास्त वेळ लागतो आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये.

आता खरोखरच हेड उतरवायची वेळ आली असेल, तर ते काम दोन सुट्ट्यांमध्ये विभागावं. एका रविवारी उरकण्याचा हट्ट धरू नये. आधी पाणी पूर्ण काढावं, प्रत्येक सुट्या भागाचा फोटो काढावा. एका पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून क्रमांक द्यावेत आणि पुशरॉड त्यात त्याच क्रमाने खोचावेत. प्रत्येक रॉड आपापल्या टॅपेटशी जुळून झिजलेला असतो. हेडचे नट थंड इंजिनावर, कडेकडून मध्याकडे, प्रत्येकी थोडे थोडे करून सैल करावेत. हेड निघत नसेल तर मध्ये पेचकस घालून उचकू नये. अ‍ॅल्युमिनिअमवर पडलेला तो ओरखडा गॅस्केटला कायमची वाट देतो. रबरी हातोडीने कडेने हलकेच ठोकावं.

जुन्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याचे उरलेले तुकडे कोरडे घासू नयेत. पाण्याने भिजवून, मास्क लावून, प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने काढावेत. पॉलिश पेपरची चकती ड्रिलला लावून ब्लॉक चमकवण्याचा मोहही टाळावा, कारण तिची धूळ ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जाते. सिलिंडरमध्ये स्वच्छ कापड भरून ठेवावं आणि बोल्टच्या भोकांतलं पाणी व ऑइल पूर्ण काढावं. बंद भोकात द्रव राहिला तर टॉर्क खोटा दाखवतो आणि ब्लॉकला चीरही पडू शकते.

साफ हेडवर खरी सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवावी. तिच्याखालून ०.०५ मिमीचं पातं सहज सरकत असेल, तर हेड फेसिंगला पाठवावं. व्हॉल्व्ह उतरवून पेस्टने हाताने घासणं घरी उत्तम जमतं: बैठकीवर आणि व्हॉल्व्हवर सलग, राखाडी, सारख्या रुंदीची कडी दिसेपर्यंत. मग व्हॉल्व्ह जागी ठेवून पोर्टमध्ये थोडं डिझेल ओतावं. खालून झिरपलं तर काम अपुरं आहे. कड जळालेला किंवा बैठक खोल गेलेला व्हॉल्व्ह घासून सुधारत नाही. तिथे नवा व्हॉल्व्ह आणि कडक धातूची बैठक हवी, आणि ते लेथवाल्याचं काम.

घरच्या दुरुस्तीची सीमा ती हीच. सिलिंडरच्या वरच्या कडेशी नख अडकेल इतकी पायरी झाली असेल, तर नुसत्या नव्या रिंगा घालू नयेत. वरची रिंग त्या पायरीवर आपटून तुटते. बोअर मायक्रोमीटरने मोजून घेऊन रीबोर आणि ओव्हरसाइज पिस्टन यांचा निर्णय मशीन शॉपमध्येच होतो. भार पडताच खालून जड ठकठक येत असेल तर क्रँकची बेअरिंग्ज बघावी लागतील. त्यासाठी इंजिन बाहेर काढावं लागलं तरी ग्राइंडिंग बाहेरच करून घ्यावं. ब्लॉकच बदलावा लागला तर लक्षात ठेवावं, की इंजिनाचा क्रमांक बदलतो. आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद घेतल्याशिवाय अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

सुटे भाग मुंबईत ऑपेरा हाऊस परिसरात आणि पुण्यात नाना पेठेत अजून शोधता येतात. जुना भाग पिशवीत घेऊनच जावं. हेड गॅस्केट तर दुकानातच जुन्यावर ठेवून प्रत्येक भोक जुळतंय का पाहावं. पाण्याचं एक भोक कमी असलेलं गॅस्केट बसतं व्यवस्थित आणि चौथ्या दिवशी इंजिन तापवतं. स्वस्त पॉइंट आणि कंडेन्सर घेण्यापेक्षा जुन्या साठ्यातले, पुडक्यात बंद असलेले मिळाले तर तेच घ्यावेत.

हेड परत बसवताना नट मध्यापासून कडेकडे, मॅन्युअलच्या क्रमाने, तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने आवळावेत. टॅपेट सेट करावेत, नवं ऑइल आणि कूलंट भरावं, आणि प्लग न लावता आधी हाताने दोन पूर्ण फेरे देऊन काही अडत नाही ना ते पाहावं. मग ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारावा. त्यानंतर प्लग लावून इंजिन सुरू करावं, वीसेक मिनिटं समोर उभं राहून गळती आणि तापमानावर नजर ठेवावी, आणि काढलेलं जळकं ऑइल गटारात न ओतता डब्यात भरून ते पुनर्प्रक्रियेला देणाऱ्या गॅरेजकडे पोचवावं. इंजिन रात्रभर थंड झाल्यावर, मॅन्युअलने सांगितलं असेल तर हेड पुन्हा टॉर्क करावं. तसं केल्यास टॅपेटची फट बदलते, म्हणून ती त्याच वेळी पुन्हा मोजावी. सुमारे पाचशे किलोमीटरनंतर ऑइल बदलावं, टॅपेट तपासावेत आणि कॉम्प्रेशनचे नवे चार आकडे वहीत जुन्यांच्या शेजारी लिहून ठेवावेत.